दहावीचं इंग्रजी: व्याकरण आणि शब्द कुठून धरायचे, कसे पक्के करायचे

विदर्भात शाळा उघडते जूनच्या अखेरीस आणि दहावीची लेखी परीक्षा येते फेब्रुवारी-मार्चमध्ये. सहामाही, दिवाळी, स्नेहसंमेलन, सराव परीक्षा वजा केल्या तर हातात जेमतेम सहा महिने उरतात. मराठी माध्यमाच्या बहुतेक घरांत ते असे जातात: आधी गणित-विज्ञानाची शिकवणी, मग पाठांतराचे विषय आणि जानेवारीत कोणाला तरी आठवतं की इंग्रजीचं व्याकरण राहिलंच. तेव्हा मोठं व्याकरणाचं पुस्तक आणून ‘नाउन’ची व्याख्या पाठ करायला बसणं हा सगळ्यात वाया जाणारा उद्योग. बोर्ड व्याख्या विचारत नाही. ते वाक्य बदलायला सांगतं.

हा लेख इंग्रजी तृतीय भाषा म्हणून घेतलेल्या दहावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. नागपूर विभागीय मंडळात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे 6 जिल्हे येतात, पण कृतिपत्रिकेचा आराखडा राज्यभर एकच असतो. बारावीबद्दल शेवटी थोडं आहे.

सुरुवातीलाच एक काम. इथली सगळी इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. प्रत्येक वाक्य वाचलं की वहीत रोमन लिपीत उतरवा आणि मगच स्पेलिंग शब्दकोशात तपासा. श्रुतलेखनाचा सराव वेगळा करावा लागणार नाही.

गुण कुठे आहेत ते आधी बघा

लेखी परीक्षा 80 गुणांची, वेळ 3 तास. उरलेले 20 गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. व्याकरण आणि शब्दसंग्रह थेट तपासणारे गुण असे विखुरलेले आहेत:

पहिला प्रश्न पूर्ण भाषाभ्यासाचा, 10 गुणांचा. दोन पाठ्य उतारे आणि एक पाठ्येतर उतारा, प्रत्येकाखाली शब्दसंग्रहाची एक कृती 2 गुणांची आणि व्याकरणाची एक कृती 2 गुणांची. तीन उताऱ्यांचे मिळून 12. शेवटचा प्रश्न भाषांतराचा, 5 गुणांचा. बेरीज 27.

80 पैकी 27 गुण असे आहेत की तिथे परीक्षकाच्या मर्जीला वावच नाही. उत्तर बरोबर, गुण पूर्ण. पत्र किंवा सारांशात 5 पैकी 3 मिळतील की 4, हे सांगता येत नाही. इथे सांगता येतं. शिवाय क्रियापद सुधारलं की पत्र, संवाद, बातमी आणि सारांशही आपोआप सुधारतात, ते गुण या 27 मध्ये धरलेलेच नाहीत.

पहिला आठवडा: शिकायचं नाही, चुका मोजायच्या

कोणत्याही मागच्या वर्षाची कृतिपत्रिका घ्या. त्यातला पाठ्येतर उतारा 25 मिनिटांत सोडवा आणि एक पत्र लिहा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. मग शाळेतल्या सरांकडून किंवा मॅडमकडून फक्त चुकांखाली रेघा मारून घ्या. बरोबर उत्तर त्यांनी लिहून द्यायचं नाही, ते तुम्ही शोधायचं.

आता 100 पानी वहीला चार रकाने पाडा: माझं वाक्य, दुरुस्त वाक्य, चूक कोणत्या जातीची, आणि त्याच नियमावर माझं नवीन वाक्य. चौथा रकाना रिकामा ठेवला तर वहीचा काही उपयोग नाही. दुरुस्त वाक्य नुसतं उतरवलं की हात हलतो, डोकं हलत नाही.

चुकांच्या जाती चारच ठेवा: क्रियापद, आर्टिकल (अ, ॲन, द), प्रीपोझिशन (इन, ऑन, ॲट असे शब्द), स्पेलिंग. बहुतेक मुलांच्या वहीत क्रियापदाचा ढीग सगळ्यात मोठा निघतो, म्हणून सुरुवात तिथून.

क्रियापद: इथे दोन महिने थांबा

नागपूरच्या मुलाच्या डोक्यात घरची मराठी आणि बाजारातली, मैदानावरची हिंदी अशा दोन भाषा एकदम चालू असतात. इंग्रजी वाक्य रचताना दोन्ही आपापल्या बाजूला ओढतात. चुका कुठून येतात हे कळलं की त्या पकडता येतात.

‘मी काल रामटेकला गेलो होतो’ आणि ‘मैं कल रामटेक गया था’, दोन्हीकडे ‘होतो’ आणि ‘था’ आहे. म्हणून मूल लिहितं, ‘आय हॅड गॉन टू रामटेक यस्टरडे.’ इंग्रजीत इथे साधा भूतकाळ लागतो: ‘आय वेन्ट टू रामटेक यस्टरडे.’ ‘हॅड गॉन’ तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या दोन घटना आहेत आणि आधीची कोणती ते दाखवायचं आहे: ‘द बस हॅड लेफ्ट बिफोर वी रीच्ड द स्टॉप.’ वाक्यात एकच घटना असेल तर ‘हॅड’ला हात लावू नका. ‘यस्टरडे’, ‘लास्ट संडे’, ‘इन 2020’ असा ठरलेला गेलेला वेळ असेल तर ‘हॅव’ही चालत नाही. ‘आय हॅव फिनिश्ड माय होमवर्क यस्टरडे’ हे चूक, ‘आय फिनिश्ड’ बरोबर.

दुसरी चूक सगळ्यात सार्वत्रिक: ‘ही डिड नॉट वेन्ट.’ भूतकाळ दाखवण्याचं काम ‘डिड’ने एकदा केलं की मुख्य क्रियापद मूळ रूपात परत येतं: ‘ही डिड नॉट गो.’ ‘डझ’चंही तसंच. ‘शी डझ नॉट लाइक्स’ नाही, ‘शी डझ नॉट लाइक’. प्रश्न तयार करणं, नकारार्थी करणं, ‘नो सूनर’ची रचना अशा अनेक कृती या एका नियमावर उभ्या आहेत. हा नियम पक्का नसेल तर पुढचं सगळं डगमगतं.

तिसरी: ‘आय एम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय एम नॉट नोइंग हिम.’ जाणणं, आवडणं, हवं असणं, मालकी असणं यांत हालचाल नसते, म्हणून ‘-आयएनजी’ लागत नाही. ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय डू नॉट नो हिम.’ पण ‘वी आर हॅविंग लंच’ बरोबर आहे, कारण जेवणं ही क्रिया आहे.

चौथी कर्ता-क्रियापदाची. ‘द बॉक्स ऑफ ऑरेंजेस आर हेवी’ लिहिलं जातं, कारण क्रियापदाच्या शेजारी अनेकवचन दिसतं. इथे मात्र मराठी मदतीला येते. ‘संत्र्यांची पेटी जड आहे’ असं मनात म्हणा. जड काय, तर पेटी. म्हणून ‘इज’. उलट ‘सीमाने संत्री खाल्ली’ यात मराठी क्रियापद संत्र्यांच्या मागे जातं, इंग्रजीत ते कधीच कर्माच्या मागे जात नाही.

क्रियापदाची तीन रूपं पाठ करण्याला पर्याय नाही. पण वर्णानुक्रमाने पाठ करू नका, गट करा. एका गटात तिन्ही रूपं सारखी: कट, पुट, शट, हर्ट. दुसऱ्यात दुसरं आणि तिसरं सारखं: ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट, बाय-बॉट-बॉट, टीच-टॉट-टॉट, थिंक-थॉट-थॉट. तिसऱ्यात मधला स्वर बदलतो: सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, बिगिन-बिगॅन-बिगन. चौथ्यात तिसऱ्या रूपाला शेवटी ‘एन’ लागतो: ब्रेक-ब्रोक-ब्रोकन, राइट-रोट-रिटन, चूज-चोज-चोझन. रोज 5 घेतली तर 12 दिवसांत 60 होतात आणि दहावीला तेवढी पुरतात. ‘ब्रॉट’ म्हणजे आणलं आणि ‘बॉट’ म्हणजे विकत घेतलं. फरक एका ‘आर’चा, आणि तो पत्रात हमखास हरवतो. ‘रीड’ची तिन्ही रूपं लिहायला सारखी, उच्चार मात्र रीड-रेड-रेड.

वाक्य बदलण्याच्या कृती

उताऱ्याखालच्या व्याकरणात त्याच त्या रचना फिरून फिरून येतात. प्रत्येकीवर स्वतःची 15 वाक्यं केलीत तर ती पक्की होते. गाइडमधली सोडवलेली 15 वाचून होत नाही. काही महत्त्वाच्या रचना सविस्तर बघू.

*अधोरेखित भाग उत्तर येईल असा प्रश्न करणं.* वाक्य घ्या: ‘द ट्रेन लेफ्ट अजनी ॲट नाइन.’ अधोरेखित आहे ‘ॲट नाइन’. पायऱ्या अशा:

1. अधोरेखित भाग वेळ सांगतो, म्हणून ‘व्हेन’. तो भाग वाक्यातून खोडा.
2. वाक्यात साहाय्यक क्रियापद आहे का ते बघा. इज, वॉज, हॅज, कॅन, विल असलं तर तेच कर्त्याच्या आधी आणायचं.
3. इथे नाही. ‘लेफ्ट’ भूतकाळी आहे, म्हणून ‘डिड’ आणा.
4. ‘लेफ्ट’चं मूळ रूप ‘लीव्ह’ करा.
5. ‘व्हेन डिड द ट्रेन लीव्ह अजनी?’ आणि शेवटी प्रश्नचिन्ह.

चौथी पायरी गाळली की ‘व्हेन डिड द ट्रेन लेफ्ट’ होतं आणि गुण जातो. एक अपवाद: कर्ताच अधोरेखित असेल तर ‘डिड’ येत नाही. ‘रवी ब्रोक द ग्लास’ यात ‘रवी’ अधोरेखित असेल तर ‘हू ब्रोक द ग्लास?’ एवढंच. कर्त्याच्या जागी ‘हू’ बसवा, बाकी वाक्य जागचं हलवू नका.

*पॅसिव्ह व्हॉइस,* म्हणजे कर्मणी प्रयोग. कर्म पुढे घ्या, मूळ वाक्याच्या काळातलं ‘बी’चं रूप (इज, आर, वॉज, वेअर) लावा, ते नव्या कर्त्याच्या वचनाप्रमाणे, क्रियापदाचं तिसरं रूप, मग ‘बाय’ आणि जुना कर्ता. ‘द गार्डनर वॉटर्स द प्लान्ट्स’चं ‘द प्लान्ट्स आर वॉटर्ड बाय द गार्डनर.’ गार्डनर एक आहे म्हणून ‘इज’ लिहिणारे पुष्कळ. चालू काळ असेल तर मध्ये ‘बीइंग’ यायलाच हवं: ‘वर्कर्स आर पेन्टिंग द ब्रिज’चं ‘द ब्रिज इज बीइंग पेन्टेड बाय वर्कर्स.’ ‘बीइंग’ गाळलं तर काळ बदलतो आणि उत्तर चूक धरलं जातं. गो, स्लीप, अराइव्ह यांना कर्मच नसतं, त्यांचं पॅसिव्ह होत नाही.

*नो सूनर… दॅन.* ‘ॲज सून ॲज द बेल रँग, द बॉइज रॅन आउट’चं ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट.’ ‘डिड’ आला, म्हणून ‘रँग’चं ‘रिंग’ झालं. पण दुसऱ्या भागातलं ‘रॅन’ तसंच. मुलं एकतर दोन्ही बदलतात, नाहीतर एकही नाही. ‘नो सूनर’च्या जोडीला ‘व्हेन’ किंवा ‘देन’ येत नाही. ‘दॅन’चं स्पेलिंग टी-एच-ए-एन, ‘ए’च्या जागी ‘ई’ पडला की तो वेगळाच शब्द.

*दोन ‘ओ’वालं ‘टू’ काढून टाकणं.* ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक’चं ‘द टी इज सो हॉट दॅट वी कॅनॉट ड्रिंक इट.’ शेवटचं ‘इट’ विसरू नका. मूळ वाक्यात ‘वॉज’ असेल तर ‘कुड नॉट’.

*डिग्री.* ‘रवी इज द टॉलेस्ट बॉय इन द क्लास’, ‘रवी इज टॉलर दॅन एनी अदर बॉय इन द क्लास’, ‘नो अदर बॉय इन द क्लास इज ॲज टॉल ॲज रवी.’ हे त्रिकूट एकदा 10 वेगवेगळ्या विशेषणांनी लिहून काढा. ‘एनी अदर’नंतर नाम एकवचनी. ‘मोअर टॉलर’ कधीच नाही.

*क्वेश्चन टॅग* सोपा आहे, पण त्यात फसवणारे शब्द आहेत. होकारार्थी वाक्याला नकारार्थी टॅग, नकारार्थीला होकारार्थी, इतकं सगळ्यांना येतं. फसतात ते हार्डली, सेल्डम, नेव्हर, नोबडी यांच्यापाशी. त्यांत ‘नॉट’ दिसत नसलं तरी अर्थ नकाराचा असतो, म्हणून टॅग होकारार्थी: ‘ही हार्डली स्पीक्स, डझ ही?’ ‘आय एम लेट’चा टॅग ‘आरन्ट आय?’ आणि ‘लेट्स गो’चा ‘शॅल वी?’ हे दोन पाठच करा.

‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’, इन्फिनिटिव्ह-जेरंड ओळखणं, उद्गारवाचक वाक्याचं विधान करणं, या बाकीच्या रचनांना एकेक दिवस पुरे.

आर्टिकल आणि प्रीपोझिशन

मराठीत आर्टिकल नाही, म्हणून मुलं एकतर ते गाळतात, नाहीतर भीतीपोटी सगळीकडे ‘द’ पेरतात. ‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावरून नाही, उच्चारावरून ठरतं. ‘ॲन अवर’, कारण ‘एच’चा उच्चार नाही. ‘अ युनिव्हर्सिटी’, कारण सुरुवातीला ‘य’ ऐकू येतो. ‘ॲन एमएलए’, कारण ‘एम’ म्हणताना तोंडातून आधी ‘ए’ निघतो. हिवाळी अधिवेशनाच्या बातम्या इंग्रजीत वाचल्यात तर हा शेवटचा प्रयोग डझनभर वेळा भेटेल.

‘द’साठी दोनच गोष्टी लक्षात ठेवा. वस्तू पहिल्यांदा आली तर ‘अ’, तीच पुन्हा आली तर ‘द’: ‘आय सॉ अ डॉग. द डॉग वॉज लेम.’ आणि गावाच्या, माणसाच्या नावाआधी काही नाही, नदीच्या नावाआधी मात्र ‘द’. ‘नागपूर’ नुसतं, पण ‘द वैनगंगा’.

प्रीपोझिशनचे नियम शिकवायला जाऊ नये, जोड्या पाठ कराव्यात. मराठीचा ‘-ला’ इंग्रजीत कधी ‘टू’, कधी ‘ॲट’, कधी ‘ऑन’ होतो, कधी गायबच होतो. दहा वाजता: ‘ॲट टेन’. सोमवारी आणि 1 मार्चला: ‘ऑन’. मार्चमध्ये, 2025 मध्ये: ‘इन’. माणसावर रागावणं ‘अँग्री विथ’, ‘अँग्री ऑन’ नाही. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही. ‘मॅरीड’पुढे ‘टू’ येतं, ‘विथ’ नाही. ‘रीच’नंतर काहीच नाही: ‘वी रीच्ड स्कूल.’ अशा 40 जोड्या पुठ्ठ्यावर लिहून अभ्यासाच्या टेबलासमोर लावा.

स्पेलिंग

मराठीत ‘व’ एक, इंग्रजीत ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम की बनियन, हे नुसतं ऐकून कळत नाही. ‘व्ही’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘डब्ल्यू’ला ओठ गोल होतात आणि दात कुठेच टेकत नाहीत. शब्द शिकताना एकदा तोंडाने असा म्हणा, स्पेलिंग चुकणं कमी होतं. ‘बेड’ आणि ‘बॅड’, ‘पेन’ आणि ‘पॅन’ यांचीही तीच गत.

प्रत्यय लावताना तीन नियम कामाला येतात. शेवटी न उच्चारला जाणारा ‘ई’ असेल तर ‘-आयएनजी’ लावताना तो पडतो: ‘राइट’चं ‘रायटिंग’, एकाच ‘टी’ने. छोट्या शब्दात शेवटी एक स्वर आणि एक व्यंजन असेल तर व्यंजन दुप्पट: ‘स्टॉप’चं ‘स्टॉप्ड’, दोन ‘पी’. लांब शब्दात जोर शेवटच्या भागावर असेल तरच दुप्पट, म्हणून ‘बिगिनिंग’मध्ये मधला ‘एन’ दोनदा, पण ‘व्हिजिटेड’मध्ये ‘टी’ एकदाच. व्यंजनानंतर ‘वाय’ असेल तर त्याचा ‘आय’ होतो: ‘हॅपी’चं ‘हॅपिनेस’.

हमखास चुकणारे काही शब्द: ‘सेपरेट’मध्ये ‘पी’नंतर ‘ए’, ‘ग्रामर’ आणि ‘कॅलेंडर’ यांच्या शेवटी ‘ए-आर’, ‘गव्हर्नमेंट’ आणि ‘एन्व्हायरन्मेंट’ यांत ‘एम’च्या आधी ‘एन’, ‘नेसेसरी’त एक ‘सी’, दोन ‘एस’, ‘टुमॉरो’त एक ‘एम’, दोन ‘आर’, ‘रिसीव्ह’मध्ये ‘सी’नंतर आधी ‘ई’, मग ‘आय’.

शब्दसंग्रह: रोज 8, पण पूर्ण

बाजारात हजारो शब्दांच्या याद्या मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. आधी पाठ्यपुस्तकातले शब्द घ्या. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात बालभारतीच्याच संकेतस्थळावर मोफत आहेत. जुनं पुस्तक विकत घेणार असाल तर अभ्यासक्रम चालू आहे की बदललेला, ते पहिल्या पानावर बघूनच पैसे द्या.

नुसता शब्द आणि त्याचा मराठी अर्थ लिहिणं अर्धवट काम आहे. प्रत्येक शब्दाला पाच गोष्टी हव्यात: तो नाम आहे की क्रियापद की विशेषण, अर्थ, कुटुंब, विरुद्धार्थी, आणि स्वतःचं वाक्य. उदाहरणार्थ ‘डिसाइड’. क्रियापद, ठरवणं. कुटुंब: ‘डिसिजन’ नाम, ‘डिसायसिव्ह’ विशेषण. विरुद्ध: ‘हेजिटेट’. वाक्य: ‘माय सिस्टर डिसायडेड टू जॉइन द एनसीसी.’ उताऱ्याखाली ‘नाउन फॉर्म लिहा’ असं आलं की हीच वही कामी येते.

उजळणी त्याच दिवशी रात्री, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. मराठी अर्थ झाकून इंग्रजी वाचण्यापेक्षा इंग्रजी झाकून मराठीवरून शब्द लिहिणं जास्त अवघड आहे, आणि तेच करायचं.

उपसर्गांत ‘इन-’चं रूप पुढच्या अक्षरानुसार बदलतं. ‘पी’ आणि ‘एम’ यांच्या आधी ‘इम-’: इम्पॉसिबल, इम्मॉरल. ‘एल’आधी ‘इल-’: इल्लीगल. ‘आर’आधी ‘इर-’: इर्रेग्युलर. म्हणून शेवटच्या दोघांत ‘एल’ आणि ‘आर’ दोनदा लिहायचे.

पुस्तकाबाहेरचं वाचन म्हणून नागपूरकरांच्या हाताशी ‘द हितवाद’ आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये सुरू केलेलं हे इंग्रजी वर्तमानपत्र आजही इथूनच निघतं. संपादकीयाच्या वाटेला सध्या जाऊ नका. शहराच्या पानावरची एकच छोटी बातमी घ्या, कारण विषय ओळखीचा असतो: बर्डीतली वाहतूक, अंबाझरीचं पाणी, मेट्रो, ऊन. विषय माहीत असला की अनोळखी शब्दाचा अर्थ अंदाजाने लागतो. शिवाय बातमीलेखनाच्या कृतीसाठी आयता नमुना मिळतो: मथळा वर्तमानकाळात, खालची बातमी भूतकाळात, सुरुवातीला गाव आणि तारीख, पहिल्या परिच्छेदात काय-कुठे-कधी-कोण.

भाषांतराचं ॲप शब्दाला चालेल, वाक्याला नको. वाक्य ॲपने करून दिलं की चुकांच्या वहीत लिहायला काही उरत नाही.

पहिला प्रश्न: फुकट जाणारे 10 गुण

हा प्रश्न सोपा म्हणून मुलं सराव करत नाहीत आणि घाईत गुण सांडतात. ‘अ’ भागात 6 पैकी 4 कृती, प्रत्येकी 2 गुण. शब्दसाखळीत आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराने पुढचा सुरू होतो, पण साखळी नामांची मागितली असेल तर मध्ये क्रियापद आलेलं चालत नाही. दिलेल्या शब्दातून चार शब्द काढताना प्रत्येकी किमान 3 अक्षरं हवीत आणि मूळ शब्दात एकदाच असलेलं अक्षर दोनदा वापरता येत नाही. वर्णानुक्रमात पहिलं अक्षर सारखं असेल तर दुसरं, तेही सारखं असेल तर तिसरं बघायचं. विरामचिन्हांत अवतरणचिन्हं उघडतात आणि बंदच होत नाहीत. ‘आय’ छोटा राहतो. गावाचं आणि वाराचं पहिलं अक्षर मोठं करायचं राहून जातं.

‘ब’ भागात 2 गुणांची एक कृती असते, बहुधा वाक्प्रचार वापरून वाक्य किंवा उपसर्ग-प्रत्यय. वाक्यातून अर्थ दिसायला हवा. ‘ही गेव्ह अप’ एवढ्यात काहीच दिसत नाही. ‘माय अंकल गेव्ह अप स्मोकिंग’ यात दिसतं.

भाषांतर

8 पैकी 4 शब्द 2 गुणांना, 4 पैकी 2 वाक्यं 2 गुणांना, एक म्हण किंवा सुविचार 1 गुणाला. उत्तर मराठीत लिहायचं असतं, म्हणून इथे मराठीच्या ऱ्हस्व-दीर्घाकडेही लक्ष हवं. म्हणीचं शब्दशः भाषांतर करू नका. ‘ॲन एम्प्टी व्हेसल मेक्स मच नॉइज’ला ‘रिकामं भांडं’ कशाला, आपल्याकडे ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ आहेच. अशा 30 जोड्या आजी-आजोबांना विचारून केलेल्या बऱ्या. त्यांना मराठी बाजू तोंडपाठ असते.

वेळ कसा वाटायचा

रोज 45 मिनिटं पुरतात: 15 शब्दांना, 20 एका रचनेला, 10 चुकांच्या वहीला. जुलै-ऑगस्ट क्रियापद. सप्टेंबर-ऑक्टोबर वाक्य बदलण्याच्या कृती. दिवाळीच्या सुट्टीत आर्टिकल, प्रीपोझिशन, स्पेलिंग. डिसेंबरपासून दर रविवारी घड्याळ लावून एक पूर्ण कृतिपत्रिका, 11 ते 2 या वेळेतच, म्हणजे त्या वेळी लिहायची सवय लागते.

ज्यांची सुरुवातच डिसेंबरमध्ये होते आहे त्यांनी सगळं करायला जाऊ नये. ‘डिड’नंतरचं मूळ रूप, प्रश्न तयार करणं, पॅसिव्ह, क्वेश्चन टॅग, पहिला प्रश्न आणि भाषांतर, एवढंच घट्ट धरावं. शब्दांत फक्त पाठ्यपुस्तकातल्या धड्यांखालचे.

परीक्षेत पहिल्या प्रश्नाला 15 मिनिटं, प्रत्येक मोठ्या उताऱ्याला 25. शेवटी 10 मिनिटं राखून ठेवा आणि तेव्हा उत्तरं वाचू नका, फक्त क्रियापदांवरून बोट फिरवा: ‘डिड’नंतर काय आहे, ‘ही’-‘शी’-‘इट’नंतर ‘एस’ आहे का, पत्रात काळ मध्येच बदलला का.

बारावीसाठी

शाखा कोणतीही असो, बारावीला इंग्रजी सक्तीचं आहे आणि तिथेही लेखी 80 गुणांचं. दहावीची शब्दसाखळी आणि वर्णानुक्रम तिथे नाहीत. व्याकरण उताऱ्यांखाली आणि एका छोट्या स्वतंत्र भागात येतं. इनडायरेक्ट स्पीच (दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगणं), मोडल क्रियापदं (कॅन, मस्ट, शुड अशी), ‘अनलेस’ आणि वाक्य साधं-संयुक्त-मिश्र करणं यांना जास्त वजन द्या. इनडायरेक्टमध्ये काळ एक पायरी मागे जातो, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’ होतं आणि प्रश्न विधानासारखा लिहायचा असतो: ‘शी आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड’, ‘व्हेअर डिड आय लिव्ह’ नाही. ‘अनलेस’मध्ये नकार आधीच आहे, त्याच्या वाक्यात पुन्हा ‘नॉट’ घालू नका: ‘इफ यू डू नॉट रन, यू विल मिस द बस’चं ‘अनलेस यू रन, यू विल मिस द बस.’ अकरावीत इंग्रजी माध्यमात गेलेल्या मराठी शाळेच्या मुलांनी विज्ञान किंवा वाणिज्याच्या पुस्तकातली पॅसिव्ह वाक्यं शोधून वहीत उतरवावीत. ती पानोपानी असतात, आणि त्या निमित्ताने त्या विषयाचाही अभ्यास होतो.